औषधाची परीक्षा आणि रुग्णाची संमती

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात गेले असता बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर कधी कधी एक छोटीशी सूचना लावलेली आढळते. अमुक विकाराच्या, अमुक वयाच्या रुग्णांची संशोधनासाठी आवश्यकता आहे. इच्छुकांनी अमुक विभागात चौकशी करावी, अशा आशयाची ती असते. कधी सूचना नसते, तपासणारे डॉक्टरच विचारतात, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, त्यात आपण सहभागी व्हाल काय?" हा प्रश्न कानी पडताच सामान्य माणसाच्या मनात दोहोंपैकी एक विचार उभा राहतो. उंदीर-सशांप्रमाणे आपल्यावर प्रयोग होणार, हा एक. किंवा आपले दैव उघडले, नवे औषध फुकट मिळणार आणि नवे म्हणजे गुणकारी असणारच, हा दुसरा. पहिल्या विचाराने मनुष्य घाबरून उठून जातो, दुसऱ्याने तो न वाचताच सही करतो. दोन्ही निर्णय घाईचे होत. या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे, हे ठरविण्यापूर्वी असा अभ्यास म्हणजे काय, हे समजून घेणे अवश्य आहे.

उपचार आणि संशोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपचार करताना डॉक्टर आपल्या माहितीप्रमाणे या एका रुग्णास जे सर्वांत हितकर वाटेल ते देतात आणि गुण न आल्यास औषध बदलतात. संशोधनात मात्र ज्याचे उत्तर अद्याप कोणासच ठाऊक नाही, असा एक प्रश्न असतो. दोन औषधांपैकी सरस कोणते? नवे औषध जुन्यापेक्षा खरोखर अधिक गुणकारी आहे काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोणाला काय द्यावयाचे, किती दिवस द्यावयाचे आणि काय मोजावयाचे, याची योजना आधीच आखलेली असते. उत्तर ठाऊक असते तर अभ्यासाचे प्रयोजनच उरले नसते. म्हणून "हे औषध तुम्हांस नक्की गुण देईल" असे सांगून जो कोणी रुग्णास अभ्यासात ओढू पाहील, त्याच्याविषयी सावध राहणे बरे.

कोणी विचारील, अनुभवी वैद्याचा अनुभव पुरेसा नाही काय? दुर्दैवाने तो पुरेसा नसतो. पुष्कळ विकार औषधावाचूनही उतरतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण फांदी तुटल्याचे श्रेय कावळ्याला देतो. शिवाय नवे औषध देताना मनुष्यस्वभावानुसार डॉक्टर नकळत आशा असलेले रुग्ण निवडतात. ते बरे झाले, की औषधाची कीर्ती होते. ही दिशाभूल टाळण्याचा मार्ग म्हणजे एकसारख्या रुग्णांचे दोन गट करणे आणि कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरविणे.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली प्रसिद्ध केलेला क्षयरोगावरील अभ्यास. स्ट्रेप्टोमायसिन त्या वेळी नवे होते आणि ब्रिटनमध्ये त्याचा साठा फारच थोडा होता. सर्वांना पुरेल इतके औषध नसल्यामुळे चिठ्ठ्या टाकणे अन्यायाचेही ठरत नव्हते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी मोहरबंद लिफाफ्यांची योजना केली. गंभीर क्षयाचे १०७ रुग्ण घेण्यात आले. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती आणि ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले होते. औषधाचा गुण निर्विवाद ठरला. परंतु त्याच अभ्यासाने हेही दाखविले, की पुष्कळ रुग्णांच्या शरीरातील जंतू लवकरच या औषधाला दाद देईनासे होतात. एकटे औषध पुरे पडत नाही, दोन औषधे जोडून द्यावी लागतात, हा क्षयचिकित्सेतील महत्त्वाचा धडा पुढील अभ्यासांतून निघाला.

आता आपल्या देशातील एक उदाहरण पाहू. क्षय झाला म्हणजे आरोग्यधामात जाऊन पडावयाचे, ही समजूत त्या काळी सर्वत्र दृढ होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या पिढीच्या कानांवर आहे ते यामुळेच. पण देशातील रुग्णांच्या मानाने खाटा नगण्य होत्या. गरिबाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे एक क्षयचिकित्सा केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद यांनी ते मिळून उभारले आणि डॉ. वॉलेस फॉक्स यांनी तेथील कार्याचे नेतृत्व केले. शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्णांचे चिठ्ठ्यांनी दोन गट करण्यात आले. एका गटाने आरोग्यधामात राहावयाचे, दुसऱ्याने आपल्या घरीच. औषधे मात्र दोघांना तीच आणि वर्षभर.

घरच्या रुग्णांना आरोग्यधामातील सकस अन्न नव्हते, विश्रांती नव्हती, मोकळी हवा नव्हती. दाटीवाटीच्या खोल्यांतून ते राहत होते. तरीही १९५९ साली जेव्हा निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. घरातील माणसांना रोगाची बाधा अधिक होईल, ही भीतीही खरी ठरली नाही. खरे काम औषध करीत होते, खाट नव्हे. नियमित औषध घेणारा रुग्ण घरीच बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले आणि १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाने घरच्या उपचाराचाच मार्ग धरला. या देशात ज्यांना आरोग्यधामाची पायरी कधीच चढता आली नसती, अशा असंख्य लोकांस त्या १९३ जणांच्या सहभागाचा लाभ झाला.

हे झाले संशोधनाचे उजळ अंग. त्याला काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात केवळ विश्रांती मिळालेल्या रुग्णांना आपण एका अभ्यासातील तुलनेचा गट आहोत, हे कळविण्यातच आले नव्हते. त्या काळी ते गैर मानले जात नसे. अमेरिकेत तर याहून फार भयंकर प्रकार घडला. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ सालापासून तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर लक्ष ठेवले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. उपचार न केल्यास हा रोग पुढे काय करतो, हे पाहावयाचे होते. रुग्णांना रोगाचे खरे नाव सांगितले गेले नाही. पेनिसिलिनने उपदंश बरा होतो, हे सर्वमान्य झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांनी हा प्रकार उघडकीस आणला तेव्हा तो थांबला आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. मद्रास आणि टस्कीगी, दोन्ही ठिकाणी रुग्ण गरीबच होते. पण एका ठिकाणी दोन्ही गटांना औषध मिळत होते आणि प्रश्न त्यांच्याच हिताचा होता. दुसऱ्या ठिकाणी माणसे केवळ साधन बनली होती.

नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्युरेंबर्ग येथे जी तत्त्वे सांगितली गेली, त्यांत माणसाची स्वेच्छेची संमती हे पहिले तत्त्व होते. १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे डॉक्टरांसाठी असाच जाहीरनामा स्वीकारला. आपल्याकडे या बाबतीत इंदूरचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. तेथील स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने औषधचाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने २०१३ साली रुग्णाची संमती घेतानाचे दृश्य व संभाषण मुद्रित करून ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०१९ साली नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली.

तिच्यातील काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. नीतिविषयक समितीच्या मंजुरीवाचून चाचणी सुरू करता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत केवळ डॉक्टर नसून कायद्याचा जाणकार, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती लेखी द्यावी लागते; त्यास वाचता येत नसल्यास निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो; आणि सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. चाचणीत इजा झाल्यास उपचार विनामूल्य करावे लागतात आणि ती इजा चाचणीमुळेच झाली असे ठरल्यास भरपाईही द्यावी लागते. याशिवाय अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ सालापासून उघडलेली आहे व ती संगणकावर कोणासही पाहता येते.

तेव्हा कोणी विचारल्यास आपणही पाच-सहा प्रश्न अवश्य विचारावेत. हा अभ्यास कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे? औषध आजवर किती माणसांना देऊन पाहिले आहे? मला चिठ्ठीने दुसरा गट मिळाला तर माझ्यावर काय उपचार होतील? माझे चालू औषध बंद करावे लागेल काय? किती वेळा यावे लागेल आणि जाण्या-येण्याचा खर्च कोण देईल? काही अपाय झाल्यास रात्री-अपरात्री कोणाला कळवावयाचे? आणि सर्वांत महत्त्वाचे, मी नाही म्हटले तर येथील माझ्या नेहमीच्या उपचारात काही उणे पडेल काय? या शेवटच्या प्रश्नाचे एकच उत्तर ग्राह्य आहे आणि ते म्हणजे, मुळीच नाही.

आपल्याकडे डॉक्टरांना देव मानण्याची रीत आहे आणि देवाला प्रश्न विचारणे आपणांस उद्धटपणाचे वाटते. "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसे," असे म्हणून आपण कागद पुढे ओढतो. परंतु येथे डॉक्टर आज्ञा करीत नसतात, ते साहाय्य मागत असतात. साहाय्य देणाऱ्याने चार गोष्टी विचारून घेतल्या तर त्यात मर्यादाभंग होत नाही. उलट सचोटीच्या संशोधकाला असा रुग्ण हवाच असतो, कारण समजून आलेला मनुष्य औषध नियमाने घेतो, ठरल्या दिवशी येतो आणि त्रास झाल्यास लपवीत नाही. मध्येच सोडावेसे वाटल्यास सोडण्याचा अधिकार त्याला असतोच. मात्र औषध एकाएकी थांबविणे त्यालाच अपायकारक ठरू शकते, म्हणून तसे सांगून सोडावे.

संमतिपत्र हाती आले, की ते तेथेच न भरता घरी न्यावे. घरातील जाणत्या माणसाकडून अथवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावे, न कळलेल्या शब्दाखाली खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याचा अर्थ विचारावा. एवढ्यानंतर 'होय' म्हटले तर ते खरे होय. आणि 'नाही' म्हटले तर त्यातही कमीपणा नाही.