उपाशी प्रेतांचा महिना आणि मोग्गलानाची आई

आपल्या श्रावण पौर्णिमेच्या आसपास चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा येते. अधिक महिना मध्ये आला की ती कधी भाद्रपदात सरकते. २०२५ साली ती ६ सप्टेंबरला होती. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया इथले चिनी लोक या महिन्याला ‘भुतांचा महिना’ म्हणतात. पहिल्या तिथीला परलोकाचे दार उघडते आणि मेलेले लोक महिनाभर मोकळे फिरतात, अशी समजूत. घरच्या पितरांना घरात जेवू घालायचे आणि ज्यांना कोणी वाली नाही अशा उपाशी प्रेतांसाठी दाराबाहेर पान मांडायचे, हा मुख्य विधी.

बंधने तर विचारूच नका! लग्न करायचे नाही, घर बदलायचे नाही, नवी गाडी घ्यायची नाही. रात्री शीळ घालायची नाही, ओले कपडे बाहेर वाळत ठेवायचे नाहीत, कोणाच्या खांद्यावर मागून थाप मारायची नाही. नदी-समुद्रात पोहायचे नाही, कारण बुडून मेलेला जीव आपल्या जागी दुसरा ओढतो म्हणे. (ऑगस्ट म्हणजे तिकडे सुट्ट्यांचा आणि वादळांचा काळ. पोरांना पाण्यापासून दूर ठेवण्याची ही आयांची युक्ती असेल, तर मी तिला हसणार नाही.) ‘भूत’ हा शब्दही तोंडातून काढायचा नाही. तैवानात त्यांना ‘चांगले भाऊ’ म्हणतात, जसे आपल्या खेड्यात रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात. फळांचीही गंमत आहे. केळी, आलुबुखार आणि नाशपाती एकत्र मांडत नाहीत, कारण तिथल्या बोलीत ही नावे ओळीने उच्चारली की ‘तुला बोलावतो, ये’ असे ऐकू येते. सिंगापुरात या महिन्यात उघड्या मांडवात गाण्याचे कार्यक्रम होतात. त्यात पुढची रांग रिकामी ठेवतात. ती कोणासाठी, हे सांगायला नको.

या सणाचे बौद्ध नाव यू-लान-पन. त्याची कथा ज्याच्याभोवती फिरते तो मू-लिएन म्हणजे आपला महामोग्गलान, तथागतांचा अग्रश्रावक. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी १८५१ साली सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सापडल्या, लंडनला गेल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात पुन्हा ठेवल्या गेल्या. चिनी कथेत मोग्गलानाला आपली आई प्रेतयोनीत दिसते. पोट नगाऱ्याएवढे, गळा सुईएवढा. तो तिला भात देतो, पण घास तोंडाशी जाताच त्याचे निखारे होतात. मुलगा रडत बुद्धांकडे येतो. बुद्ध सांगतात, तुझ्या एकट्याच्या बळाने हे होणार नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी भिक्खुसंघाला भोजनदान दे. त्या दानाने आई सुटते. चीनमध्ये भिक्खूंचा वर्षावास सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संपतो, म्हणून सणही त्याच दिवशी. पाली वाङ्मयात मोग्गलानाच्या आईची ही कथा नाही. पेतवत्थूत सारिपुत्ताच्या पूर्वजन्मीच्या आईची मात्र अशीच एक कथा आहे. चिनी सूत्र चीनमध्येच रचले गेले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

आता एखादी भगिनी विचारील, हा तर आपला सोडलेला पितृपंधरवडाच झाला! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहेच. प्रश्न रास्त आहे. पण कथेतला बारकावा पाहा. आईपुढे ठेवलेला भात जळून गेला. जिवंत भिक्खूंच्या पात्रात पडलेला भात कामी आला. म्हणजे मेलेल्याला वाढून उपयोग नाही, हे कथाच सांगते. लोकांनी मात्र नेमके ते वाढणेच धरून ठेवले, वर कागदी नोटा, कागदी घरे आणि कागदी मोटारी जाळण्याची भर घातली. तैवानातल्या ‘त्झू ची’ या १९६६ साली स्थापन झालेल्या बौद्ध संस्थेने या महिन्याला ‘मंगल महिना’ असे नाव देऊन शाकाहार आणि दान यांचा प्रचार चालवला आहे.

तरीही सगळेच टाकाऊ म्हणवत नाही. तैवानच्या कीलुंग बंदरात फुजियान प्रांतातून आलेल्या दोन भागांच्या लोकांत १८५१ साली मोठी मारामारी होऊन अनेक जण मेले. दोघेही एकाच प्रांतातले, दोघेही पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले. शेवटी तडजोड झाली, की तू कुठला, मी कुठला हे सोडायचे आणि आडनावांप्रमाणे पाळी लावून या महिन्याचा उत्सव करायचा. १८५५ पासून ती पाळी चालू आहे. त्या मारामारीतल्या मृतांचे तिथे देऊळ आहे. पहिल्या तिथीला त्याच देवळाचे दार उघडून महिना सुरू होतो.

कीलुंगात पौर्णिमेच्या आदल्या रात्री प्रत्येक आडनावाचे लोक घराच्या आकाराचा कागदी कंदील पेटवून समुद्रात सोडतात. पाण्यातल्या जिवांना वाट दिसावी म्हणून. ज्याचा कंदील जळत जळत सर्वांत दूर जाईल, त्या आडनावाचे वर्ष चांगले जाते म्हणतात, त्यामुळे किनाऱ्यावर मध्यरात्रीपर्यंत गर्दी असते. आणि घरोघरी दाराबाहेर मांडलेल्या पानाशेजारी पाण्याचे घमेले, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवलेला असतो. दुरून चालत आलेल्याने आधी हातपाय धुवावेत, मग जेवायला बसावे.