जरा जाऊन येते

पहाटे अडीच

पुण्यातल्या मुक्कामाला आमची दिंडी भवानी पेठेजवळच्या एका शाळेत उतरते. तिथली शौचालयं मुलांच्या मापाची आहेत. भांडं बुटकं, नळ गुडघ्याखाली, दार छातीपर्यंत. आत बसलेल्या आजीचं डोकं बाहेरच्या आजीला दिसतं आणि दोघी निवांत बोलत राहतात. दिंडीतली निम्मी माणसं साठीपुढची. काकडा चारला. अडीचला उठलं तर रांगेत आधी नंबर लागतो, सव्वातीनला उठलं तर काकडा रांगेतूनच ऐकावा लागतो.

आज ज्येष्ठ वद्य एकादशी. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा. आळंदी-पंढरपूर वाटेतला हा सर्वांत लांब, तीसेक किलोमीटरचा, आणि शेवटी दिवे घाट. या दिवसाबद्दल वर्तमानपत्रांत दरवर्षी लिहून येतं. घाटातल्या भगव्या पताका, रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या, खाली मस्तानी तलाव. साठी-सत्तरीतली बाई हा दिवस प्रत्यक्षात कशी काढते, ते कोणी लिहीत नाही, कारण त्यातला बराचसा भाग लघवीचा असतो.

माझी जोडीदारीण आक्का, परभणीकडची, वयानं माझ्याहून मोठी. ती उठली की आधी पेलाभर कोमट पाणी पिते, मैदानात दोन फेऱ्या मारते आणि मग रांगेत उभी राहते. सकाळी पोटात काही गेलं की आतडी हलतात, हे तिला कोणत्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. तिच्या पडशीत नायलॉनची एक दोरी असते. खिडकीच्या गजाला ती बांधायची आणि उठताना धरायची. बसणं जमतं, उठणं जमत नाही, ही आमच्या वयाची खरी अडचण. दोरी रांगेत हातोहात फिरते.

साडेचार

चहा. इथे पंथ पडतात. एक पंथ म्हणतो, चहा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही. दुसरा म्हणतो, चहा घेतला की हडपसरपर्यंत चार वेळा खोळंबा. दोन्ही खरे आहेत. चहानं लघवीची घाई वाढते, म्हणून मी शाळेतच अर्धा कप घेते. त्यानंतर वाटेत दर शंभर पावलांवर सेवेकरी चहाचा कप पुढे करतात, तेव्हा हात जोडून “झाला, माउली” म्हणते. आग्रह मोडणं हे वारीतलं कठीण काम आहे.

कपड्यांचंही इथेच ठरतं. सहावारी साडीत आपला आडोसा आपल्यापाशीच असतो. पंजाबी ड्रेस चालायला बरा, पण सलवारीला नाडी नको, इलॅस्टिक हवं. ओली नाडी घाईच्या वेळी कधीच सुटत नाही.

पावणेसहा

दिंडी लागते. पुढे पताका, टाळकरी, मध्ये विणेकरी, मागे तुळशीवाल्या आणि आम्ही बाया. आमचे विणेकरीबुवा पंच्याहत्तरीचे, आणि त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते. वय वाढतं तशी ती वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. धार बारीक होते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, म्हणून पुन्हापुन्हा जावं लागतं.

आता वीणा काही जमिनीवर ठेवता येत नाही. बुवा मान वळवतात, ठरलेला टाळकरी पुढे येतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि बुवा बाजूला होतात. अभंगाचा ताल चुकत नाही. हात धुऊन आले की पुन्हा नमस्कार, पुन्हा वीणा. तुळशीवाल्यांचंही तसंच, डोक्यावरचं वृंदावन शेजारणीच्या डोक्यावर. लघवीला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जाताना आणि येताना नमस्कार मिळतो, असं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही. कचेऱ्यांमधून तर त्याच्याकडे घड्याळ बघून पाहतात.

नऊ, हडपसर

तुकोबांची पालखी इथून लोणी काळभोरकडे वळते, आपली सासवडकडे. गर्दी इतकी, की एकदा मागे राहिलं तर आपल्या दिंडीचा क्रमांक शोधत फिरावं लागतं. म्हणून आक्काचा कायदा आहे : मागं राहून गाठायचं न्हाई, पुढं जाऊन थांबायचं. दिंडी विसाव्याला टेकायच्या बेतात असली की आम्ही दोघी कडेकडेनं पुढे निघतो. शेदोनशे पावलं पुढचं ठिकाण गाठतो, सावकाश आटपतो, बाहेर येऊन उभ्या राहतो आणि दिंडी आपणहून आमच्यापाशी येते. धावपळ नाही, पडायची भीती नाही.

ठिकाणांचा क्रमही ठरलेला. मंगल कार्यालय पहिलं, कारण तिथे बायकांची सोय वेगळी आणि पाणी भरपूर. मग पेट्रोलपंप. मग शाळा, दवाखाना. यातलं काहीच नसेल तर एखाद्या घराच्या दारात उभं राहून सरळ विचारायचं, “ताई, जरा आत जाऊ का?” दार उघडून केळं देणारे पुष्कळ असतात. मोरीपर्यंत नेणारे कमी, पण असतात. एका घरातल्या सुनेनं कमोडवर नवीकोरी प्लास्टिकची सीट बसवून ठेवली होती, फक्त त्या दिवसापुरती. पाणी वाटणाऱ्या मंडळांनी यातून काही घ्यावं असं मला वाटतं. आम्हाला पाण्याची आठवी बाटली नको असते.

साडेअकरा, उरुळी देवाचीच्या अलीकडे

ऊन आहे, पाऊस अजून नुसता भरून आलाय. आमच्या रांगेत एक मावशी आहेत. सकाळपासून त्यांनी घोटभर पाणी घेतलेलं नाही. आक्का विचारते, “पानी कामून पित न्हाई, माय?” मावशी पुटपुटतात, “कुटं जाऊ सारखी?”

हे सगळ्या दिंड्यांत चालतं, आणि वारीतल्या म्हाताऱ्या बायांचे सर्वांत जास्त हाल यानंच होतात. पाणी तोडलं की लघवी कमी होते हे खरं. पण उरलेली घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला झोंबते आणि थोडी साठली तरी कळ येते. म्हणजे ज्यासाठी उपास केला तेच वाढतं. वर जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, चक्कर. पाळी गेल्यावर त्या भागाची त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, संसर्ग लवकर लागतो. शिवाय म्हातारपणी तहान नीट कळत नाही. तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणणाऱ्याला ती लागतच नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट, ऊन चढलं की सहा, आणि रंगाकडे लक्ष ठेवायचं. फिकट असली की बरं.

मावशींची दुसरी गोष्ट अशी, की त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे म्हणून त्यांनी आळंदीपासून ती घेतलेलीच नाही. रस्त्याकडेच्या फुकट दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. रक्तदाब बराच वर गेला होता. तरुण डॉक्टरनं रागावून झाल्यावर सांगितलं, की गोळी बंद करायची नसते. तिची वेळ पुढेमागे करता येते, पण आपल्या डॉक्टरला विचारून, आणि ते निघायच्या आधी घरीच विचारायचं असतं. मावशींनी मान डोलावली आणि तिथेच पाणी प्यायल्या.

फराळही झाला. एकादशीला चहूबाजूंनी साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा नावालाही नाही. वारीत पोट बिघडतं ते बहुधा यानंच. मी रताळं, केळं आणि खजुरावर भागवते, आणि रात्री इसबगोल.

दीड, वडकी

हा आजचा सर्वांत महत्त्वाचा थांबा. पुढे घाट. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये लाखो माणसं. झुडूप दिसलंच तर त्यामागे कॅमेरा घेतलेला कोणीतरी बसलेला असतो. घाटात नेत्रसुख घेणाऱ्यांची गर्दी वारकऱ्यांपेक्षा कमी नसते.

वडकीला कळ असो-नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. आणि दोनदा. एकदा झालं की लगेच उठायचं नाही. मिनिटभर थांबायचं, जरा पुढे वाकायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. मागे राहिलेली निघून जाते. बुवांना हे त्यांच्या डॉक्टरनं शिकवलं, बुवांनी माळकऱ्यांना, आणि एका दुपारी संकोच सोडून आम्हा बायांनाही.

इथल्या फिरत्या शौचालयांपुढे रांग मोठी. ज्यांना बसताच येत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे सिलिकॉनचं नरसाळं आहे. बायकांना उभ्यानं लघवी करता यावी म्हणून ते मिळतं. मुलीनं घेऊन दिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आक्कानं विचारलं, “ह्ये काय? रॉकेल वतायचं?” आता गुडघा जास्त दुखला की तीच मागून घेते. आधी घरी, न्हाणीघरात सवय करावी लागते, नाहीतर पाय भिजतात. आडोशाला पावसाचा प्लास्टिकचा कागद, दोघींनी दोन टोकं धरलेला. वापर झाला की धुऊन वेगळ्या पिशवीत.

पॅडही इथेच बदलतात. खोकला आला, चढ लागला, टाळ्या वाजवत उडी मारली की थेंबभर गळतं, हे बाळंतपणं झालेल्या बहुतेक बायांना ठाऊक असतं. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात. १९४८ साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं त्यांच्यासाठी व्यायाम सांगितला. लघवी अडवताना जे आवळतो ते आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, दिवसातून बऱ्याचदा. फायदा व्हायला महिने लागतात. वारीला निघायच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही होत नाही. वापरलेलं पॅड मात्र भांड्यात टाकायचं नाही. एक बोळा अडकला की मागच्या शंभर जणींचं शौचालय बंद. कागदात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी मुक्कामापर्यंत आपल्याजवळ.

साडेतीन ते सहा, घाट

चढ सुरू होतो. पहिल्या वळणापर्यंत अभंगाचा जोर असतो, नंतर श्वासाचा. गर्दी पुढे ढकलते, थांबवते, पुन्हा ढकलते.

आणि मग, वडकीला दोनदा जाऊनही, मध्यावर कळ येतेच.

अशा वेळी पाय उचलून पळत सुटायचं नाही. पळालं की आतलं हिंदकळतं आणि धीर सुटतो. कठड्याला नाहीतर शेजारणीच्या खांद्याला धरून जागच्या जागी उभं राहायचं. खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे, टाचा थोड्या उचलायच्या, लक्ष दुसरीकडे न्यायचं. कळ चढते तशी उतरते. उतरली की चालायचं. मूत्राशय पूर्ण भरायच्या बरंच आधी पहिली हाक देतं, आणि म्हातारपणी ही हाक उगाचच मोठी होते. आक्काला यातलं काही सांगावं लागत नाही. तिला कळ आली की ती मोठ्यानं अभंग धरते. आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला की मी ओळखते.

याच घाटात मागे एकदा एका आजींना आवरलं नाही. भर रस्त्यात. साडी भिजली. कोणी काही बोललं नाही. दोघींनी कागद धरला, तिसरीनं आपल्या गठुड्यातलं कोरडं लुगडं काढलं, चौथीनं तांब्याभर पाणी ओतलं. पाच मिनिटांत आजी पुन्हा रांगेत. दिंडी त्यांच्यासाठी थांबली नाही आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यांना हेच हवं होतं. पडशीत सर्वांत वर कोरडं लुगडं ठेवायला मी तेव्हापासून लागले.

सात, झेंडेवाडी

घाटमाथा. वारा सुटलेला. इथे शेत आहे, आडोसा आहे, अंधारही पडू लागलेला. सगळी म्हातारी मंडळी एकदम नाहीशी होते आणि दहा मिनिटांत परत येते.

साडेनऊ, सासवड

सोपानकाकांच्या गावात दोन रात्री मुक्काम. आमचा ट्रक आधीच पोचलेला, राहुट्या उभ्या. पूर्वी मुक्कामाच्या गावाबाहेरचं शेत म्हणजे शौचालय असे, आणि पालखी गेल्यावर गावाला ते कित्येक दिवस सोसावं लागे. आता निर्मल वारीच्या उपक्रमामुळे मुक्कामांच्या गावी फिरत्या शौचालयांच्या रांगा लागतात, बायकांच्या वेगळ्या. फार मोठं काम झालंय. तरी माझ्या दोन तक्रारी आहेत. पायरी फार उंच असते, सत्तरीतल्या गुडघ्याला दोन पायऱ्या हव्यात. आणि आत धरायला एक दांडा हवा. दांड्याचा खर्च तो किती?

फराळाआधी मी गठुड्यावर पाय उंच टाकून अर्धा तास आडवी होते. दिवसभर चालून पायांत पाणी उतरतं, घोटे सुजतात. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि लघवी होऊन बाहेर पडतं. संध्याकाळीच पाय वर केले तर ते झोपायच्या आधी निघून जातं, रात्रीची एखादी खेप वाचते.

मग जागेचं भांडण. राहुटीत मध्ये झोपणारी म्हातारी रात्री सहा जणींना तुडवत बाहेर जाते. म्हणून दाराशेजारच्या जागा आमच्या वयाला हव्यात. व्यवस्थापक वही काढतात, कुठल्याशा देणगीदाराच्या वहिनींचं नाव आहे म्हणतात. आक्का वळकटी दाराशी पसरून तिच्यावर बसते आणि म्हणते, “माउली, त्यास्नी सांगा, रातच्याला म्या त्यांच्या अंगावरून जाईन.”

वहिनी मध्ये सरकतात.

रात्री एक

एकीला जाग आली की चौघींना येते. एकटीनं जायचं नाही हा नियम. अंधारात मूत्राशयापेक्षा राहुटीची दोरी जास्त घातक असते. मेखेला पाय अडकून माणूस पडतं, आणि या वयात मांडीचं हाड मोडलं की वारी संपली. आक्कानं संध्याकाळीच दारापासून रस्त्यापर्यंतच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्यात. विजेरी पायाशी धरायची, डोळ्यांवर नाही. उठल्या उठल्या चालायचं नाही, क्षणभर बसून राहायचं, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते.

शौचालयांपुढे या वेळीही रांग. पुरुषांच्या बाजूनं विणेकरीबुवा परत येत होते. म्हणाले, “राम कृष्ण हरी. शेवटच्या दोनांत पाणी नाही, तिसऱ्यात जा.”

आम्ही तिसऱ्यात गेलो.