थिएटरमधल्या सिस्टरची कंबर

ऑपरेशन सुखरूप झालं की आपण डॉक्टरांचे पाय धरतो. पण त्यांच्या हातात वेळेवर चिमटा-कात्री देणारी सिस्टर त्या टेबलाशी किती तास उभी होती, हे कुणी विचारतं का?

तिवस्याहून मोठ्या ऑपरेशनचा पेशंट अमरावतीला इर्विनमध्ये जातो, अडलेली बाळंतीण डफरीनमध्ये. कुठंही जा, थिएटरमधलं टेबल सर्जनच्या उंचीप्रमाणे लावलेलं असतं. सिस्टर ठेंगणी असेल तर खांदे उचलून आणि उंच असेल तर मान वाकवून काम करते. जखमेच्या कडा दूर धरायचं उपकरण हाती आलं, की हात तसाच ताणलेला. हलायची सोय नाही. पायांतलं रक्त वर चढायला पिंडऱ्यांची हालचाल लागते. ती थांबली की पाय सुजतात, शिरा फुगतात. हाडांच्या ऑपरेशनला एक्स-रेपासून रक्षण म्हणून शिशाचा जड एप्रन असतो, तो वेगळाच. एवढं करून घरी आली, की पुन्हा ओट्यापाशी उभी! मग “कंबर धरली वं माय” म्हणायचं नि गोळी घ्यायची.

पेशंट उचलणं तर सर्वांत वाईट. थॉमस वॉटर्स या अमेरिकन तज्ज्ञांनी २००७ साली मर्यादा सांगितली: पेशंट हलवताना एकीच्या वाट्याला सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार नको. म्हणजे ६० किलोंच्या पेशंटला चौघं हवीत. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोघीच असतात.

उपाय महाग नाहीत. ठेंगणीला उभं राहायला पाट द्यावा. इतरींनी लहान स्टुलावर आळीपाळीनं एकेक पाय ठेवावा. पेशंट उचलण्याऐवजी खाली घसरती चादर घालून सरकवावा. हत्यारांचे जड ट्रे कमरेच्या उंचीवर ठेवावेत. दोन ऑपरेशनांच्या मध्ये टाचा वीसेक वेळा उचलाव्यात. घरी पाय उशीवर ठेवून थोडं पडावं. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, तर मात्र अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावं.

आणि आपण काय करायचं? सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते. पाट आणि चादरीची मागणी तिच्याकडे करता येते. तुमची सून किंवा मुलगी सिस्टर असेल, तर ड्यूटीवरून आल्यावर पाण्याची बादली तिच्या हाती देऊ नका. दुसऱ्यांना उभं करता करता तीच आडवी पडली, तर कसं चालेल?