मैदानाचा खर्च, कॉलेजची शिल्लक

अमेरिकेत मुलांच्या ट्रॅव्हल टीमची फी, प्रवास आणि हॉटेल यांवर खर्च करणारे अनेक पालक, त्यांत मराठी पालकही आले, या खर्चाकडे शिष्यवृत्तीसाठीची गुंतवणूक म्हणून पाहतात. हा हिशेब टिकत नाही. कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संस्था एनसीएए स्वतःच सांगते, की हायस्कूलच्या खेळाडूंपैकी साधारण 2 टक्क्यांनाच क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. तिच्या डिव्हिजन थ्री या गटात आणि आयव्ही लीगच्या विद्यापीठांत तर ती मुळीच नाही. उलट दरमहा 200 डॉलर ‘529’ या शैक्षणिक बचतखात्यात टाकले आणि वार्षिक 6 टक्के परतावा मिळाला, तर 10 वर्षांत सुमारे 32,800 डॉलर जमतात. पात्र शैक्षणिक खर्चासाठी काढल्यास त्यातील वाढीवर संघीय प्राप्तिकर लागत नाही.

खेळाने शिस्त, आरोग्य आणि सोबती मिळतात, हा आक्षेप रास्त आहे. पण शाळेचा संघ किंवा गावातली लीगही ते कमी खर्चात देते. मूल कॉलेजला गेले नाही तर पैसे अडकतील, ही भीतीही आता कमी झाली आहे: 2024पासून काही अटींवर 35,000 डॉलरपर्यंतची रक्कम त्याच्या रॉथ आयआरए या निवृत्तिखात्यात वळवता येते. म्हणून आधी शिक्षणाची रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्यातून खेळाचे बजेट ठरवा.