बसकी गाडी आणि आईचा मणका

"डॉक्टर, मी पडले नाही, गाडी कुठे आपटली नाही. नुसता स्पीडब्रेकर आला." साठी उलटलेल्या बाई सांगत होत्या. गणपतीला मुंबईहून पोलादपूरला येताना त्या मागच्या सीटवर होत्या. आठ दिवस कंबर चोळून घेतली, दुखणे वाढले, मग महाडला आल्या. एक्स-रेत कमरेचा पहिला मणका पुढून चेपलेला दिसला. सोबतचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, गाडी जुनी स्पोर्ट्स आहे. मागच्याच महिन्यात स्प्रिंगा कापून दीड इंच खाली घेतली."

गाडी बसकी केली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो. कशेडी किंवा आंबेनळीच्या वळणांवर ती कमी कलते, हे खरे आहे. पण स्प्रिंगचे मुख्य काम धक्का पोटात घेऊन तो सावकाश वर सोडण्याचे असते. चाकाला वर सरकायला जागा उरली नाही, तर ते थेट रबरी ठोकळ्यावर आदळते आणि धक्का सीटपर्यंत पोहोचतो. शिवाय आठ वेढ्यांपैकी दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांश अधिक कडक होते. वीस वर्षांच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बरही बहुधा थकलेले असतात.

साधी गाडी मऊ स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलते. बसलेल्या माणसाचे धड मात्र सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वाधिक साथ देते. मऊ स्प्रिंग ही कंपने गाळते; कडक स्प्रिंग त्यांतली जास्त आत सोडते. रोज चालवणाऱ्याची पाठ त्यामुळे धरते.

मोठा धक्का त्याहून वाईट. मागच्या चाकांजवळ बसलेला माणूस उसळतो आणि खाली येताना वर येणाऱ्या सीटवर आदळतो. छाती आणि कंबर जुळते तिथले मणके तेव्हा चेपतात. बसच्या मागच्या सीटवरील प्रवाशांना गतिरोधकामुळे झालेले असे अस्थिभंग तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २००५ मध्ये नोंदवले. पाळी गेल्यावर हाडे विरळ झालेल्या स्त्रीला तर लहान धक्काही पुरतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असायला हवा होता, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडता येतो. गावोगावचे अरुंद, उभे उंचवटे त्यात बसत नाहीत.

म्हणून स्प्रिंग कापू नका. बदल करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकमेकांना जुळणारे घ्या, नंतर व्हील अलाइनमेंट करा. वडीलधाऱ्यांना पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवा. धक्क्यानंतर पाठ उठता-बसता दुखत असेल आणि आडवे झाल्यावर बरे वाटत असेल, तर चोळू नका, मणका 'बसवून' घेऊ नका, एक्स-रे काढा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली, तर रुग्णाला आडवे ठेवून लगेच रुग्णालयात आणा.

त्या बाईंना पट्टा दिला, हाडांचे औषध सुरू केले. नस दबली नव्हती, हे नशीब. पुढच्या तपासणीला मुलगा मूळ उंचीच्या स्प्रिंगा बसवून आला होता. आई मात्र एसटीने आली.