उत्तर कोंकणांतील वाटेवरचे पाषाणक्रूस व त्यांचा कालनिर्णय

नाशिकच्या बाजूस जुन्या ख्रिस्ती वस्तीची गोष्ट निघाली म्हणजे शरणपूरचें नांव प्रथम येतें. परंतु तें एकोणिसाव्या शतकांतील चर्च मिशनरी सोसायटीचें कार्य होय. वाटेवर, शेताच्या बांधाशीं किंवा गांवठाणाच्या तोंडाशीं पाषाणाचा क्रूस उभारण्याची चाल याहून जुनी असून तिचें मूळ सह्याद्रीखालीं, पोर्तुगीज अंमलांत आहे. इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ त चिमाजी अप्पानें ती घेतली. राज्य गेलें, तरी ख्रिस्ती गांवकरी राहिले व त्यांचे क्रूसही राहिले. वीरगळ व गद्धेगाळ यांस संशोधक जो मान देतात, तोच या शिलांस द्यावा, असें आमचें मत आहे.

जुन्या क्रूसावर पुष्कळदां शिडी, हातोडा, खिळे, काट्यांचा मुकुट व कोंबडा हीं चिन्हें कोरलेलीं आढळतात. तीं ख्रिस्ताच्या मरणकथेंतील आहेत. पायथ्याशीं कवटी व हाडें दिसलीं, म्हणजे तेथें कोणास पुरलें असावें, असा तर्क करूं नये; ज्या टेकडीवर ख्रिस्तास खिळिलें त्या गुलगुथा या नांवाचा अर्थच 'कवटीची जागा' असा आहे. माथ्यावरील 'आय्, एन्, आर्, आय्' हीं चार रोमन अक्षरें 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' या लॅटिन वाक्याचीं आद्याक्षरें होत. त्यांत कर्त्याचें नांव शोधणें व्यर्थ होय.

वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू देवळाच्या आवारांतील क्रूस एकाच शिळेचा, सुमारें १७ फूट उंच व अंगभर अशा चिन्हांनीं भरलेला आहे. तो मूळचा तेथील नव्हे. जेसुइटांच्या सेंट ॲन विद्यालयांतून तो आणिला. यावरून शिळेचें वय व स्थानाचें वय हे दोन निरनिराळे प्रश्न ठरतात.

दुसरा वर्ग १८९६ त मुंबईंत प्लेग शिरल्यानंतरचा. सांथ टळावी म्हणून वस्त्यावस्त्यांतून क्रूस उभारले गेले. त्यामुळें प्रत्येक क्रूस 'प्लेगचा' म्हणण्याची संवय लोकांस लागली; ती बरोबर नाहीं. वांद्र्याच्या बाजार रस्त्यावरील क्रूस १८९५ चा, म्हणजे सांथीपूर्वीचा, सांगितला जातो. तो एप्रिल २०१७ त महापालिकेनें पाडला.

सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धर्मस्थळांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २००९ त हुकूम दिल्यापासून अशा शिळेचें वय हा केवळ विद्वानांच्या वादाचा विषय राहिला नाहीं; तिचें राहणें-जाणें त्यावर अवलंबूं शकतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, क्रूस आढळल्यास प्रथम चुन्याच्या व रंगाच्या थरांखालीं लेख आहे काय तें पाहावें. कागदी ठसा घ्यावा. ओट्यावरील साल जीर्णोद्धाराचें तर नाहीं ना, हें दांड्याच्या घडणीशीं ताडून पाहावें. तसेंच भोंवतालच्या घरांतील खरेदीखतें व जमिनीचे नकाशे तपासावे. चतुःसीमेंत 'क्रूस' असा एक शब्द सांपडला, तरी त्या कागदाच्या तारखेस तेथें क्रूस उभा होता हें सिद्ध होतें. आणि मुक्या शिळेस याहून बळकट साक्षीदार क्वचितच मिळतो.