उपध्रुवीय टुंड्रातील स्वावलंबी पदभ्रमण : भूमी, पाणी आणि परतीची वाट

वाटाड्या न घेता, अन्न, तंबू आणि नकाशा पाठीवर वाहून निर्जन प्रदेशात अनेक दिवस पायी हिंडणे, यास प्रस्तुत लेखात स्वावलंबी पदभ्रमण असे म्हटले आहे. उत्तर स्वीडन, अलास्का आणि कॅनडा येथील उपध्रुवीय टुंड्रा हे अशा पदभ्रमणाचे एक प्रमुख क्षेत्र होय. या प्रदेशाचे नाव काढताच आपल्या मनात प्रथम थंडी येते. थंडी तेथे आहेच. परंतु उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्या पथिकाची खरी कसोटी पाण्यापाशी लागते. हे विधान उलगडून दाखविण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा परिसराचा दाखला सोयीचा आहे. पाण्याने भूमीचा स्वभाव कसा पालटतो, याची जाण तेथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या आहे.

१. दोन भूमींचा स्वभाव

साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातील गाव दख्खनच्या बेसाल्ट पठारावर वसले आहे. या खडकापासून बनलेली काळी माती पाणी शोषून फुगते व वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात तिच्यावर पाऊल टाकले तर चिखलाचे ओझे पायाला चिकटते. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते. शेतात केव्हा उतरावे हे ठरविणारा ‘वाफसा’ हा शब्द या अनुभवातूनच रूढ झाला आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याची जुनी रीतही या भूमिस्वभावाशी जुळणारी होती. निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्यातील साखरखेर्ड्याची प्रसिद्ध लढाई १७२४ च्या ऑक्टोबरातच झाली.

टुंड्राची गोष्ट याच्या उलट आहे. ज्या प्रदेशात सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान १० अंश सेल्सियसच्या वर जात नाही, तेथे वृक्ष वाढत नाहीत. शेवाळ, दगडफूल, गवत आणि खुरटी झुडपे एवढीच वनस्पती उरते. अशा अनेक ठिकाणी भूमीचा खालचा थर वर्षानुवर्षे गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो. त्याची जाडी काही ठिकाणी हातभर, काही ठिकाणी एक मीटर वा त्याहून अधिक असते. खालचा बर्फमय थर पाणी मुरू देत नाही, त्यामुळे ते पृष्ठभागावरच साचते. उत्तर स्वीडनमधील आबिस्को येथे वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी, पर्जन्य होतो. तरीही आसपासच्या प्रदेशात मोठमोठ्या पाणथळ जागा आढळतात. भूमी ओली राहील की कोरडी, हे पावसाच्या मापाइतकेच पाणी कोठे जाऊ शकते यावरही अवलंबून असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

याचा परिणाम चालीवर होतो. कापूसगवताचे डोलणारे गड्डे आणि त्यांमधील पाण्याच्या खाचा यांतून वाट काढताना ताशी एक-दोन किलोमीटर अंतर कापले तरी पुष्कळ झाले. गावच्या सडकेवरील वेगाने दिवसाचा पल्ला ठरविणाऱ्याचा शिधा वाटेतच संपतो.

२. नदीचा उतार

उतार कोठे आहे आणि केव्हा आहे, हे दोन प्रश्न निर्जन प्रदेशातील प्रत्येक नदीकाठी पडतात. वऱ्हाडातील नाला मुसळधार पावसाने चढतो आणि बहुधा काही तासांत ओसरतो. हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहाची रीत निराळी असते. दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळून सायंकाळकडे पाणी वाढते. रात्रीच्या गारव्याने ते घटून पहाटे सर्वांत कमी होते. शिवाय वसंताच्या आरंभी क्षीण असलेला प्रवाह भर उन्हाळ्यात दुथडी भरतो. त्याचे पाणी खडकाच्या पिठाने दुधासारखे गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही.

क्रिस्तोफर मॅकँडलेस या अमेरिकन तरुणाची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये तो अलास्कातील स्टँपीड नावाच्या जुन्या वाटेने एकटाच आत गेला. त्या वेळी टेक्लानिका नदी सहज ओलांडता आली. जुलैमध्ये परतताना तीच नदी हिमजलाने फुगलेली आढळली. तो मागे फिरला आणि रानात सोडून दिलेल्या एका बसमध्ये राहिला. ऑगस्टमध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. नदी ओलांडण्याचे हाताने ओढावयाचे एक साधन थोड्याच अंतरावर होते. परंतु तपशीलवार नकाशा जवळ नसल्याने ते त्यास ठाऊक नव्हते. पुढे ती बस पाहण्यास जाणाऱ्यांपैकी दोघींचा याच नदीत २०१० व २०१९ मध्ये अंत झाला. अखेर २०२० मध्ये शासनाने ती बस तेथून हलविली.

जुलैमध्ये पुरात न शिरता मागे फिरण्याचा मॅकँडलेसचा निर्णय योग्यच होता. उणीव राहिली ती एप्रिलमधील विचारात. आत जाताना ओलांडलेली नदी परतीच्या दिवशी कोणत्या स्थितीत असेल, हा प्रश्न पहिल्याच काठावर विचारावयास हवा होता. म्हणून अनुभवी पथिक नदीकाठी तळ देऊन पहाट होण्याची वाट पाहतो. प्रवाह अनेक फाट्यांत विभागून उथळ झाला असेल अशी रुंद जागा शोधतो. आणि पाण्यात शिरताना पाठीवरील ओझ्याचा कमरपट्टा सोडून ठेवतो, कारण पाय घसरल्यास ओझे तत्काळ टाकता आले पाहिजे.

३. दिशा, अंतर आणि शरीर

वृक्ष नसल्यामुळे टुंड्रात अंतराचा अंदाज फसतो. तासाभराची वाटणारी टेकडी अर्ध्या दिवसाची निघते. होकायंत्रही सावधपणे वापरावे लागते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाच्या आतबाहेर असल्याने तो सहसा जाणवत नाही. मध्य अलास्कात तो सुमारे १५ अंश पूर्वेकडे आहे. तो न जमेस धरणारा पथिक १० किलोमीटरांत अडीच किलोमीटरांहून अधिक भरकटेल.

शरीराचे तापमान घातक रीतीने उतरण्यास कडाक्याचे हिमच पडावे लागते असे नाही. पाच-दहा अंशांचा वारा आणि ओले सुती कपडे एवढ्यानेही ते घडते. अंग थरथरते, बोटे जड होतात, बोलणे अडखळते आणि विचारशक्ती मंदावते. एकट्या पथिकाला हा धोका अधिक असतो, कारण ज्या बुद्धीने धोका ओळखावयाचा तीच प्रथम क्षीण होते. म्हणून लोकरीचे वस्त्र आणि एक कोरडा जोड जलरोधक पिशवीत राखून ठेवणे हा नियम थंडी वाजण्यापूर्वीच पाळावा लागतो.

४. तळ आणि भूमीची जपणूक

स्वीडनमधील ‘राजमार्ग’ ही आबिस्को ते हेमावान अशी सुमारे ४४० किलोमीटरांची पायवाट आहे. तिच्यावर खुणा असून बऱ्याच भागात एकेका दिवसाच्या अंतरावर निवारे आहेत. तेथील परंपरागत हक्कानुसार मोकळ्या रानात एखादी रात्र तंबू ठोकता येतो. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आबिस्को राष्ट्रीय उद्यानात मात्र नेमलेल्या जागीच तळ द्यावा लागतो. अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक भागात पायवाटच नाही. तेथे मुक्कामासाठी परवाना घ्यावा लागतो आणि अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात अन्न ठेवणे बंधनकारक असते. झोपण्याची, रांधण्याची आणि अन्न ठेवण्याची जागा परस्परांपासून सुमारे ९० मीटर दूर ठेवावी, असा तेथील दंडक आहे.

आपल्या वाचकास नवल वाटेल असा आणखी एक नियम तेथे सांगितला जातो : वाट नसलेल्या भागात एकामागून एक न चालता पसरून चालावे. आपल्याकडे अनेकांच्या पावलांनी पाऊलवाट होते आणि ती सर्वांच्या उपयोगी पडते. काळी माती दरवर्षी भेगाळून व फुगून स्वतःलाच जणू नांगरते, त्यामुळे तिच्यावरील खुणा टिकत नाहीत. टुंड्रात शेवाळाचे आच्छादन एकदा फाटले की खालचे बर्फ वितळू लागते, जमीन खचते आणि तो व्रण अनेक दशके राहतो. वाढत्या तापमानाने हा गोठलेला थर आता कित्येक ठिकाणी आपोआपच वितळत असल्यामुळे जुन्या नकाशांवरील कोरडी जमीनही नव्याने पारखून घ्यावी लागते.

आज उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रे पथिकाजवळ असतात आणि त्यांनी प्राण वाचले आहेत. तरीही संदेश पोहोचणे आणि मदत पोहोचणे यांत वाईट हवामानात कित्येक तासांचे, प्रसंगी दिवसांचे अंतर पडते. तेवढा काळ पथिकाचा आधार म्हणजे त्याने निघण्यापूर्वी केलेला विचार. वाफसा नसताना शेतात न उतरणारा आणि नाल्याला पूर असताना पलीकडे न जाणारा साखरखेर्ड्याचा शेतकरी ज्या संयमाने वागतो, तोच संयम टेक्लानिकाच्या काठीही उपयोगी पडतो. थांबणे किंवा मागे फिरणे यास तो अपयश मानीत नाही. वऱ्हाडात असो वा अलास्कात, पुढे टाकावयाच्या पावलाबरोबरच परतीच्या वाटेचाही निर्णय झालेला असला पाहिजे.